नारळांची रांग

"माझा नारळ कुठं गेला?"

अनुसूयाबाई एवढ्या जोरात ओरडल्या, की सुरूच्या झाडांच्या सावलीत लवंडलेली मुंबईची मंडळी दचकून उठून बसली. उत्तर त्यांच्या हातातच होतं. प्रत्येकाकडे ओल्या खोबऱ्याचा तुकडा. वाळूत करवंट्याच करवंट्या. टेरिलीनचा सदरा घातलेला एक गृहस्थ शेवटचा नारळ दगडावर आपटत होता, आणि त्या नारळावर गेरूची खूण होती.

"बाई, रागावू नका," तो म्हणाला. "रस्त्याकडेला पडलेले दिसले, म्हणून घेतले. काय पैसे होतील ते सांगा."

"पैसे? अहो, तो नारळ नव्हता. ती मी होते!"

गृहस्थानं बायकोकडे पाहिलं. बाईंना ऊन लागलं असावं, असं दोघांच्याही चेहऱ्यावर होतं.

ऊनबीन काही लागलं नव्हतं. नागावात रविवारी नारळच रांगेत उभे राहत. संध्याकाळची एकच सर्व्हिसगाडी, ती अलिबागवरून रेवस बंदराला, मुंबईच्या शेवटच्या लाँचला मिळायची, आणि मुंबईची हौशी मंडळी किनाऱ्यावरून येऊन तिच्यावर तुटून पडायची. गावातल्या माणसानं घरचं काम टाकून दुपारभर उन्हात ताटकळायचं, आणि शेवटी गाडीचा धुरळा खात घरी परतायचं. अनुसूयाबाईंचं डोकं फिरलं. त्यांनी पंचायतीत जाऊन सगळ्या पुरुषांसमोर ठणकावलं, "आम्ही उभं राहायचं नाही. आमचे नारळ उभे राहतील." ज्याला जायचं असेल त्यानं सकाळी आपल्या वाडीतला नारळ, आपली खूण करून, थांब्यावर ओळीनं ठेवायचा. गाडी आली की कंडक्टर शिवदास एकेक नारळ उचलून ज्याचा त्याला देणार, आणि तो आत चढणार.

तेव्हापासून भांडण नाही की धक्काबुक्की नाही. शिमग्याच्या सुमाराला अनुसूयाबाईंच्या घरची चार माणसं अलिबागला नाटकाला निघाली होती. लुगडं बदलता बदलता त्यांना उशीर झाला, तरी गाडी थांबून राहिली, कारण त्यांचे चार नारळ सगळ्यात पुढे होते. मागची माणसं राहिली, पण कुणी ब्र काढला नाही. शिस्त म्हणतात ती हीच, असं अनुसूयाबाई पाहुण्यारावळ्यांना अजून सांगत.

आणि आज त्या शिस्तीचं या लोकांनी खोबरं करून खाल्लं! तेही नेमकं आज. लेकीला, नलूला, कळा सुरू होऊन मुंबईत इस्पितळात ठेवल्याचा निरोप सकाळीच आला होता. पहिली खेप, पोर अवघी एकोणीस वर्षांची, आणि जवळ माहेरचं माणूस नाही. आजची लाँच चुकली, तर उद्यापर्यंत काय होईल ते देव जाणे.

गाडी आली. मंडळी पिशव्या, चटया, थर्मास घेऊन धावली. अनुसूयाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"शिवदास, एकालाही चढू देऊ नकोस. माझा नंबर पहिला आहे."

शिवदासनं मोकळ्या वाळूकडे बघून डोकं खाजवलं. "नारळ कुठाय, वैनी?"

"यांच्या पोटात!"

टेरिलीनचा सदरा तापला. "अहो, तासभर इथं आम्ही थांबलो आहोत. नारळ कधी रांगेत उभे राहतात होय? हा कुठला कायदा?"

"या गावचा कायदा! ज्याचा नारळ नाही, त्यानं मागं राहायचं. मग तो कुणी का असेना!"

गावातले बाकीचे नारळवाले अजून कुणी पोचले नव्हते. साक्षीला कुणी मिळतंय का म्हणून अनुसूयाबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. सगळ्यांच्या मागे, नेहमीच्या जागी, रिकामी पाटी घेऊन रंगू उभी होती. खाडीकडून येऊन वाडीवाडीत मासळी विकणारी रंगू. मध्यंतरी कितीतरी दिवस दिसली नव्हती.

"रंगू, तू कधीची इथं आहेस. सांग यांना. पहिला नारळ माझा होता की नव्हता?"

रंगूनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं.

"व्हता," ती म्हणाली. "पयला नारल वैनींचाच व्हता. मी बगला."

तेवढं पुरे झालं. गृहस्थ पुटपुटत बाजूला सरकला. त्याच्या बायकोनं मात्र खाली मान घालून वाट दिली, आणि अनुसूयाबाई चढल्या. त्यांच्यामागून मंडळी चढली आणि बघता बघता गाडी गच्च भरली. शिवदासनं घंटीच्या दोरीला हात घातला.

अनुसूयाबाईंना भरून आलं होतं. लाँच मिळणार होती, नलू दिसणार होती. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून रंगूचा हात धरला.

"देवासारखी उभी राहिलीस बघ! पण तू राहिलीस ना गं मागं?"

"ऱ्हाऊं दे. आज मना घाय नाय."

बोलता बोलता रंगूनं पदर सारखा केला, आणि अनुसूयाबाईंचं लक्ष तिच्या कपाळाकडे गेलं. कपाळावर कुंकू नव्हतं. हातात धरलेल्या मनगटावर बांगडीही नव्हती.

"अगं... हे कधी झालं?"

"घरवाल्याला मंबईचे इस्पितलान नेलता," रंगू म्हणाली. "मी हितंच उभी व्हते, वैनी, मांगं. आमचे दारान माड नाय. तुमी नाटकाला गेलाव, त्या दिशी."