आतल्या सहीला धक्का नको

"शेपटीजवळ सरळ दोन तुकडे," वितोल्द म्हणाला. "वहिनी, हे पडलं की पाडलं?"

"पडदे काढताना कोपर लागलं." बोगुमिलाने खसखशीच्या केकचं ताट त्याच्या कामाच्या टेबलावर सरकवलं. "शनिवारी झेनोन गुडघ्यांचे उपचार आटोपून घरी येतोय. रविवारी माळावर हेच उडवणार. त्याला कळलं तर..."

"तर ओरडेल. ओरडू दे."

"ओरडला तर बरंच. तो गप्प बसेल."

मॉडेल विमानाचं ते फायबरग्लासचं धड म्हणजे तिच्या धाकट्या भावाची आठवण. आन्झेल्म चर्चमध्ये स्तोत्रं गायचा आणि उरलेल्या वेळात ग्लायडर बनवायचा. त्याला जाऊन चौदा वर्षं झाली. गेली काही वर्षं तिचा नवरा झेनोन या मॉडेलवरची धूळसुद्धा तिला पुसू देत नसे. सख्ख्या बहिणीपेक्षा मेहुण्यालाच जास्त माया, असं ती शेजारणींना कौतुकाने सांगायची.

वितोल्दने तुटलेल्या कडा एकमेकींना लावून पाहिल्या. "शुक्रवारी घेऊन जा. आतून काचेचं कापड चिकटवतो, वरून रंग. झेनोनने भिंग लावलं तरी सांधा दिसायचा नाही."

बोगुमिलाने छातीवर क्रूसाची खूण केली आणि मग कुठे खुर्चीत टेकली. तीन रात्री तिचा डोळा लागला नव्हता.

"फक्त आतल्या सहीला धक्का नको," ती म्हणाली. धडाच्या दोन फाका जोडण्याआधी आत पेन्सिलीने नाव, तारीख आणि एखादी प्रार्थना लिहायची, ही इथल्या मॉडेलवाल्यांची रीत. फाका जुळल्या की ते फक्त देवाने वाचायचं. "आन्झेल्मचं अक्षर एकदा बघू दे की रे."

"आत डोकावू नका," वितोल्द घाईने म्हणाला. "काचेची कुसळं डोळ्यात गेली, तर झेनोन यायच्या आत तुम्ही दवाखान्यात."

तो राळेचा डबा आणायला मागच्या खोलीत गेला. बोगुमिलाने त्याचाच कामाचा चष्मा चढवला, बॅटरी घेतली आणि तुटक्या तोंडातून आत पाहिलं.

तारीख दहा वर्षांपूर्वीची होती. तिने ओळी दोनदा वाचल्या, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसली.

'आन्झेल्मचं विमान माझ्या हातून नदीत गेलं. हे तसंच दुसरं केलंय. देवा, बोगुमिलाला कळू देऊ नकोस. झेनोन.'