नसीरचा उजवा हात

"वाजवून दाखवा," हौशीरामशेठ म्हणाले.

लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेला एका पारशी बाईंनी सहा गिटारी दिल्या होत्या. शिकवणारा मिळत नव्हता, म्हणून १९४६च्या जानेवारीत वडगावचा नसीर शाळेच्या कमिटीपुढे आला होता. बारा वर्षं मुंबईच्या स्टुडिओंत गाणाऱ्यांच्या मागं त्याची गिटार वाजली होती. गेल्या वर्षी उजव्या हातावरून वारं गेलं आणि बोलावणी थांबली. अर्जात हे त्यानं लिहिलं नव्हतं.

"हात चालत नाही, साहेब," तो कसाबसा म्हणाला. "पण शिकवता येतं."

"असं कुठं असतं का?" शेठनी अर्ज मिटला. "या तुम्ही."

नसीर जागचा हलला नाही. नकाराची ही अकरावी जागा होती.

"बानो, आत ये," त्यानं एकदम हाक मारली.

गिटार सांभाळत दाराबाहेर बसलेली त्याची बायको हुस्नबानो आत आली. कुणाकडं न बघता खाली बसली, गिटार हवाईयन पद्धतीनं मांडीवर आडवी घेतली आणि डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवर टेकवली. सूर निघाला. मधेच तिची कांडी घसरली.

"वर," डोळे मिटलेला नसीर म्हणाला. "अजून केसभर."

सूर जागेवर आला. गत संपली तेव्हा शेठनी मिटलेला अर्ज पुन्हा उघडला.

"यांना कुणी शिकवलं?"

"मीच. तोंडानं सांगून."

शेठ शेजारच्यांच्या कानाला लागले. मग म्हणाले, "मुलींच्या शाळेत बाईच बरी. यांनाच नेमतो. सोमवारी अकराला हजर व्हा, बाई."

"मी बाजूला बसून सांगत जाईन, साहेब. कोपऱ्यात," नसीर म्हणाला.

"वर्गात पुरुषमाणूस नको. तुम्ही फाटकापर्यंत या."

नसीरनं मान डोलावली. दोनदा डोलावली.

दोघं स्टेशनवर आली. पुण्याच्या गाडीला अवकाश होता.

"आवो," हुस्नबानो हळूच म्हणाली, "मला ही एकच गत येती. दुसरं काय बी येत न्हाई."

"मला म्हाईत हाय."

"मग सोमवारी काय करू?"

"आज बुधवार," नसीर म्हणाला. डाव्या हातानं त्यानं फलाटावरच्या बाकावरची धूळ झटकली. "बस हितं. तारा लाव."