श्वासांचा टेक

"थांबव," ती म्हणाली. रेकॉर्डिस्टनं बटण दाबलं नि गिटार मधेच तुटलं.

तिच्या पहिल्यावहिल्या अल्बमचं हे शेवटचं गाणं. शब्द तिचे, चाल तिची, गळा तिचा. बाकीची गाणी तयार होऊन बसली होती. एवढं संध्याकाळपर्यंत गेलं की अल्बम बाहेर. ड्रम दणदणीत, गिटार धारदार, आवाज धुतलेल्या काचेसारखा लख्ख. तरी ऐकता ऐकता तिचाच जीव घुसमटायला लागला होता. कुठं बिनसलंय ते मात्र सापडेना.

सापडलं ते आईला. लेकीनं आपल्यावर गाणं केलंय म्हणून ती बाजारातून परस्पर आली होती. रेकॉर्डिस्टच्या टेबलाला लागून असलेल्या सोफ्यावर, भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"छानच झालंय गं," आई म्हणाली. "पण ही बाई श्वास कुठं घेते?"

ती गर्रकन रेकॉर्डिस्टकडे वळली. "दादा, श्वास काढलेस?"

"सगळे!" दादाची मान ताठ. "निवडून निवडून काढले. ड्रमच्या वर तुझा आवाज चढवला की मधे मधे नुसती फसफस ऐकू येते. रॉक आहे हा, दम्याचा दवाखाना नाही."

"अरे, ती फसफस म्हणजेच गाणं होतं!"

गाणं होतंच केवढं?

पहिल्या मजल्याला बोलते आई,
दुसऱ्या मजल्याला हसते,
तिसऱ्या मजल्याला काहीच नाही,
पायरीवरती बसते.

'काहीच नाही'नंतर एक लांब श्वास होता. कडव्याचा सगळा जीव त्यात. आता तिथं पुढची ओळ धावत येऊन आदळत होती. गाण्यातली आई जिना चढतच नव्हती, लिफ्टनं वर जात होती.

"मूळ टेक लाव."

दादा कान खाजवायला लागला. "त्याच्यावरच सेव्ह झालंय."

"झालंय की केलंस?"

"बरं, केलं. चिडू नकोस. आत जा, नुसते श्वास घे. मी एकेक जागेवर बसवतो."

काचेपलीकडच्या खोलीत, माइकसमोर ती उभी राहिली आणि डॉक्टरनं छातीला नळी लावल्यासारखे श्वास घेत राहिली. एक लांब. एक आखूड. एक दमलेला.

"खोटे वाटतायत," हेडफोनमध्ये दादा म्हणाला.

"न गाता घेतलेला श्वास खोटाच वाटणार ना!"

"मग गा. पूर्ण गा. मी श्वास तेवढे ठेवतो, शब्द कापून टाकतो."

"शब्द कापणार?"

"म्हणजे काय! आधीचा आवाज मी सूर न् सूर घासून बसवलाय. त्याला हात लावायचा नाही."

हसावं की माइक उचलून काचेवर हाणावा, तिला कळेना. दोन्हींतलं काहीच केलं नाही. डोळे मिटले आणि रागारागानं सुरू झाली. कोणी ठेवणार नाही म्हटल्यावर आवाजाला जपायचं तरी कशाला? पहिल्याच ओळीला तो खरखरला. दुसऱ्या मजल्यावर एक सूर निसटला, निसटू दिला. तिसऱ्या मजल्यावर ती थांबली. छातीच्या तळातून श्वास वर येईपर्यंत ड्रम पुढं निघून गेले. मग मागून, आपल्या पावलांनी, ती पायरीवर पोचली.

गाणं संपलं.

"झकास!" दादा म्हणाला. "श्वास एक नंबर. आता हे शब्द काढतो की झालं... अरे, माऊस कुठं गेला?"

तिनं डोळे उघडले. काचेपलीकडे दादा टेबल चाचपत होता. कागद उचलून बघत होता, वाकून खुर्चीखाली बघत होता. माऊसची वायर टेबलाच्या कडेवरून सोफ्यावर उतरली होती आणि तिथून सरळ भाजीच्या पिशवीत गेली होती.

पिशवी पोटाशी धरून आई समोर बघत बसली होती. तिसऱ्या मजल्यावर बसते तशी. उठायची काहीच घाई नसल्यासारखी.