श्यामरावचा जामीन

जामीनदाराचा पुकारा झाला आणि पिंजऱ्यात उभा असलेला देवाजी दचकला. कागदांची पिशवी छातीशी धरून दारातून आत येत होता तो श्यामराव. नऊ दिवसांपूर्वी देवाजीनं कुदळीच्या दांड्यानं ज्याचे समोरचे दोन दात पाडले होते, तोच.

मोहाडीच्या कोर्टानं देवाजीचा जामीन चौथ्याच दिवशी मंजूर केला होता. घोडं अडलं होतं जामीनदारापाशी. जामीन राहायला स्वतःच्या नावाचा सातबारा लागतो, तहसीलचा ऐपतीचा दाखला लागतो, आणि थोडी छातीही लागते. देवाजीची बायको सुशीला गावभर फिरली. कुणाचा सातबारा अजून मेलेल्या आज्याच्या नावानं होता. कुणी आधीच मेहुण्याला जामीन राहिला होता. टेकचंद तर तिला येताना पाहून जेवत्या ताटावरून उठला आणि मागच्या दारानं शेतात गेला.

न्यायाधीश बाईंनी कागद चाळले. मग चष्मा काढून विचारलं, "फिर्यादी तुम्हीच ना?"

"मीच जी," श्यामराव म्हणाला. दातांच्या फटीतून शिट्टी वाजली. शिपायानं तोंड फिरवलं.

जामीनदाराची जबाबदारी काय असते ते ठाऊक आहे का, असं बाईंनी विचारलं. श्यामरावनं पाढ्यासारखं म्हणून दाखवलं. आरोपीला दर तारखेला हजर ठेवायचं. तो पळाला तर जामिनाची रक्कम आपण भरायची. आणि उद्या आपलं मन फिरलं तर कोर्टात अर्ज द्यायचा. मग आरोपीनं दुसरा जामीनदार शोधायचा, नाहीतर परत आत जायचं. हे शेवटचं सांगताना त्यानं देवाजीकडे पाहिलं. निदान देवाजीला तरी तसं वाटलं.

फिर्यादीनंच जामीन राहू नये असं कायद्यात कुठं सापडेना. बाईंनी सही केली. देवाजीनं आपल्या वकिलाला हळूच विचारलं, की हा जामीन नाही घेतला तर चालेल काय. वकिलानं उत्तर म्हणून सहीचा कागद त्याच्यापुढं सरकवला.

सुटकेचा कागद भंडाऱ्याच्या जेलात पोचेस्तोवर ऊन उतरलं. फाटकाबाहेर सुशीला नव्हती. श्यामराव होता, मोटारसायकलवर, एक पाय जमिनीला टेकवून.

"बस," एवढंच तो म्हणाला.

देवाजी बसला. हात कुठं ठेवावा ते त्याला कळेना. तीस वर्षं दोघांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, मधल्या एकाच मातीच्या धुऱ्याला लागून होत्या, आणि तीस वर्षांत दोघं एकमेकांशी सरळ बोलले नव्हते. तलावाचं पाणी आधी कुणाच्या बांधीत जाणार, यावरून ते दात पडले होते. आता तालुक्याबाहेर पाऊल टाकायचं तरी याला विचारून. उद्या हा म्हणेल, धुरा दोन हात सरकव. परवा म्हणेल, पाणी आधी माझं. नाही म्हटलं, की अर्ज. वरठी येईस्तोवर देवाजीनं मनातल्या मनात धुरा देऊन टाकला. मोहाडी मागं पडली तेव्हा बैलजोडीही गेली होती.

गावात शिरल्यावर गाडी देवाजीच्या घराकडे वळलीच नाही. श्यामरावनं ती आपल्या अंगणात उभी केली.

ओसरीवर खाट टाकलेली होती. खाटेवर देवाजीची माय, आनंदाबाई, लोडाला टेकून बसली होती. वय ऐंशीच्या वर. श्यामरावची बायको तिचे पाय चेपत होती. बाजूच्या ताटात मासोळीचे काटे तेवढे उरले होते.

देवाजीला काही उमगेना. मग श्यामरावनं सारं सांगितलं. देवाजीला पोलिसांनी नेलं त्याच दिवशी बुढी काठी टेकत आली आणि ओसरीवर बसली. म्हणाली, माझ्या पोराला तू आत टाकलं, आता मला तूच सांभाळ. तेव्हापासून दिवसातून पाच वेळा चहा. भात मऊ पाहिजे, मासोळी रोज पाहिजे. पहाटे चारला हाक मारून विचारायची, श्याम्या, जागा आहेस काय. तिला घालवून द्यावं, तर ती गावची जुनी सुईण. श्यामराव तिच्याच हातावर जन्मलेला. आणि तो कसा जन्मला, उलटा की सुलटा, किती काळा-निळा, किती चापट्या मारल्यावर रडला, हे ती ओसरीवरून आल्यागेल्याला रोज सांगत होती. ऐकायला माणसं मोहल्ल्यापलीकडून यायला लागली होती.

"ने बाबा तुह्या मायले," श्यामरावनं हात जोडले. "तीन दिवस तहसीलात उभा राह्यलो त्या दाखल्यासाठी. लोकायले वाटते, मी तुले जामीन राह्यलो. मी मलेच जामीन राह्यलो."

देवाजीच्या छातीवरचा धोंडा उतरला. धुरा परत आला, बैलजोडी परत आली. हसू दाबायला त्याला मिशीवरून हात फिरवावा लागला. श्यामराव पाणी आणायला आत वळला, तसा तो खाटेपाशी वाकला. बिचारी माय, नऊ दिवस परक्याच्या ओसरीवर. त्यानं दोन्ही हातांनी तिला अलगद उचललं.

आनंदाबाईनं त्याच्या कानाशी तोंड नेलं.

"ठेव मले खाली," ती पुटपुटली. "अजून जामीनच झाला. केस मागं घेणं बाकी हाय."