सोमवारचा फोन

धर्मप्रचारासाठी परदेशी गेलेल्या त्या पोराला घरी फोन करायची मुभा फक्त सोमवारी, कपडे धुण्याच्या सुट्टीत. वॉशिंग मशीनशेजारी बसून तो आईपाशी वैतागला, "आठवडाभर जिने चढून पायांचे तुकडे पडलेत. दाराची साखळीसुद्धा न काढता म्हणतात, ‘आमचा देव आम्हाला पुरे, पुढचं घर बघा.’"

"मेल्यांना जरा म्हणून माणुसकी नाही! थांब हं, बेल वाजली."

फोनवर त्याला दार उघडल्याचं ऐकू आलं. मग त्याच्याच वयाचा, अवघडलेला आवाज, "मावशी, देवाबद्दल दोन मिनिटं बोलू?"

"आमचा देव आम्हाला पुरे. पुढचं घर बघा."

दार धाडकन लागलं.


"हं, बोल राजा. निदान पाणी तरी विचारतात का रे ती माणसं?"