हंड्यावरचं नाव

लियाकतभाईंनी कळशी उपडी केली, कोरायच्या मशीनचं टोक तळाला टेकवलं आणि 'झुंबर डॉट कॉम' ही इंग्रजी अक्षरं आडव्या रेघांखाली बुजवायला सुरुवात केली. समोर गोणपाटावर बसलेली सविता बुजवलेली प्रत्येक कळशी उचलून उजेडात धरत होती. इंदिरानगरातल्या त्या चिंचोळ्या बाल्कनीत अशा साठ कळश्या होत्या. दोनला लोडशेडिंग, चारला कुरिअरवाला.

"अजून वाचता येतंय," ती म्हणाली.

"जास्त रगडायला नका सांगू, ताई. पत्रा पातळ आहे. भोक पडलं तर कळशीच गेली."

तिने पुढची कळशी उचलली. ती साइटवरून तांब्याची भांडी विकायची, आणि भांड्याच्या तळाला साइटचं नाव घालायची कल्पना तिचीच होती. बाई भांडं घासायला उपडं करते, नाव दिसतं, शेजारीण विचारते, आणि पुढची ऑर्डर तिथूनच येते. पाच वर्षं हे असं छान चाललं होतं. आता ते नाव टाइप केलं की एक हसरी गोरी बाई दिसायची आणि तिच्याखाली गृहकर्जाच्या जाहिराती.

झालं होतं ते एवढंच. साइटच्या नावाची नोंदणी करताना मालक म्हणून नवऱ्याचं, किशोरचं नाव घातलेलं, म्हणून मुदत संपत आल्याची पत्रं किशोरच्या मेलवर आली. एक नाही, चार आली. त्याने ती जाहिराती समजून काढून टाकली. मुदत संपली आणि परदेशातल्या कोणीतरी नाव उचललं. तिने त्या माणसाला तीनदा लिहिलं, त्याचं उत्तर नाही. आजवर विकलेली तिची सगळी भांडी घराघरांत बसून आता त्या गोऱ्या बाईकडे गिऱ्हाईक पाठवत होती. पंधरा दिवस सविताचं डोकं तापलेलं होतं, आणि ज्याच्यामुळे तापलं तो आत कॉम्प्युटरसमोर बसून शीळ घालत होता.

नवं नावही त्यानेच शोधलं होतं. सविता कॉपर डॉट कॉम. नाव मोकळं आहे, बघितलंय, तू कोरायला घे, मी आज नोंदवून टाकतो, असं सकाळी चहा पिता पिता सांगून तो वर म्हणाला, "तुझंच नाव दिलंय बघ."

"ते तुमच्या आईंनी ठेवलेलं," ती म्हणाली.

"अगं, सवय होते. तेव्हा नाही का झाली?"

सतरा वर्षांपूर्वी याच माणसाने ताटातल्या तांदळात अंगठीने 'सविता' असं लिहिलं होतं, आणि तेव्हाही तो असाच खूश होता. तोवर ती झुंबर होती. देवळ्याला माहेरी अजून दोन-तीन म्हाताऱ्या तिला त्या नावाने हाक मारायच्या, बाकी सगळे विसरले. मग साइट निघाली आणि पुण्याच्या, ठाण्याच्या, पार अमेरिकेतल्या बायका फोनवर विचारू लागल्या, झुंबरताई आहेत का? ते ऐकायला तिला फार आवडायचं. कोणाला सांगितलं नव्हतं, पण आवडायचं.

"हीसुद्धा वाचता येतेय," तिने आणखी एक कळशी परत केली. मग तणतणत स्वयंपाकघरात गेली आणि पाण्याचा जुना हंडा रिकामा करून घेऊन आली. लग्नात मामाने दिलेला. त्याच्या गळ्याशी बोटभर पट्टा खरवडलेला होता आणि शेजारी 'सौ. सविता' असं कोरलेलं होतं. "हे बघा. खोडायचं तर असं खोडा. एक अक्षर दिसतं का?"

लियाकतभाईंनी चष्मा वर केला, पट्ट्यावरून अंगठा फिरवला. मशीन बंद केलं.

"हे माझंच काम आहे, ताई. तुमच्या सासूबाई घेऊन आल्या होत्या दुकानात. नवी सून आलीय, नाव बदलून द्या म्हणाल्या."

सविताने हंडा स्वतःकडे ओढला.

"पण गेलेलं नाही ते," ते म्हणाले. "आम्ही वरून रेघा मारतो फक्त. भांडं काळं पडलंय म्हणून दिसत नाही. चिंच लावून बघा."

मोलकरणीला पट्ट्याला हात लावू द्यायचा नाही, कोरलेलं खराब होतं, असं सासूबाई असेपर्यंत सांगत असत. तेव्हा सविताला ती हंड्याची काळजी वाटली होती. ती उठली, चिंच-मीठ घेऊन आली आणि फतकल मारून घासायला बसली. लियाकतभाईंनी मशीन पुन्हा सुरू केलं. लाईट जायला अर्धा तास होता आणि चाळीस कळश्या बाकी होत्या. त्या खोडाव्याच लागणार होत्या, त्याला इलाज नव्हता. ती दात-ओठ खाऊन घासत राहिली. काळं उतरलं, तांबूस दिसायला लागलं. रेघांच्या खालून आधी 'झ' वर आला, मग त्याचा उकार, मग बाकीचं. मामाने घाईघाईत घालून घेतलेलं, थोडं तिरकं.

"सविता!" आतून किशोरने हाक मारली. "नोंदणीचा फॉर्म भरतोय. मालकाच्या रकान्यात माझंच नाव राहू देऊ ना?"

तिने ओंजळभर पाणी घेऊन पट्टा धुतला, पदराने पुसला.

"थांबा," ती म्हणाली. "आधी बाहेर या. इथं नाव लिहिलंय, ते बघून रकान्यात टाका."