विनीता मॅडमच्या मुली

“दुखू दे. धावायला लागलीस की विसरशील,” असं म्हणत विनीता मॅडमनी जान्हवीच्या नडगीवर पट्टी आवळली. ओरोसच्या मैदानावरचं धुकं अजून उठलं नव्हतं. संघातल्या बाकीच्या मुली पाय मोकळे करत होत्या.

“मॅडम, ह्या शिरेचा दुखणा नाय. हाडात दुखता,” जान्हवी हळूच म्हणाली.

“उद्या डॉक्टरकडे जाऊ. मी स्वतः नेते तुला. पण आज तू नाही धावलीस तर ढाल गेली.”

जान्हवीनं मान डोलावली. मॅडमना नाही म्हणणं तिला जमलंच नसतं.

मॅडम मालवणच्या कॉलेजात खेळ शिकवायला आल्या तेव्हा मुली बक्षीस समारंभाला रांगोळी काढायच्या, बक्षिसं मुलगे घ्यायचे. धावणारी मुलगी एकही नव्हती. मॅडम किनाऱ्यावरच्या वाड्यांत फिरल्या, कसालपर्यंतच्या गावांत काजूच्या बागा तुडवत घरोघर गेल्या. “धावान चेडवांक काय गावतला?” असं एखाद्या बापानं विचारलं, की त्याच्या खळ्यात बसून धावणाऱ्या मुलींना पोलीस भरतीत काय मिळतं ते त्याला समजावून सांगायच्या. मुलींना कपडे बदलायला खोली मिळावी म्हणून त्या प्राचार्यांशी भांडल्या. रोज पहाटे ओल्या वाळूवर मुलींच्या पुढे स्वतः धावल्या. त्यांच्या हाताखालच्या कितीतरी मुली आज वर्दीत होत्या. मासळी विकणाऱ्या सुभद्रानं तर आपली थोरली लेक त्यांच्या स्वाधीन करताना म्हटलं होतं, “मॅडम, ह्या चेडू आता तुमचा.” ती लेक म्हणजे जान्हवी.

कॉलेजांची सांघिक शर्यत सुरू झाली. जान्हवी पहिल्यापासून पुढे होती. शेवटच्या वळणावर ती पडली. काटकी मोडावी तसा आवाज आला, असं तिच्या मागून धावणारी संचिता नंतर सांगत होती.

मॅडम दोरीपर्यंत धावत गेल्या. जान्हवी पाय धरून जमिनीवर बसली होती. तिनं मॅडमकडे पाहिलं. आता आपल्याला उचलतील, असं तिला वाटलं असावं.

“ऊठ!” मॅडम ओरडल्या. “रेषा समोर आहे, जान्हवी! तू पोचली नाहीस तर संघ बाद होईल. ऊठ!”

ती उठली. एका पायावर उड्या मारत, मध्ये दुसरा टेकवत, किंचाळत तिनं रेषा ओलांडली. ढाल मालवणला आली. सलग तिसऱ्यांदा.

डॉक्टर मॅडमना बाजूला घेऊन बोलले. हाडाला चीर जुनी होती. विश्रांती दिली असती तर भरून आली असती. पडल्यावर तिथंच उचललं असतं तरी बरं झालं असतं. त्यानंतर ती जेवढं अंतर उड्या मारत आली, त्यात हाड सरकलं आणि आतलं सगळं फाटलं. मुलगी चालेल, पण लंगडत. धावणं विसरा.

मॅडमना झोप लागेना. कॉलेजनं सत्कार ठेवला, त्या गेल्या नाहीत. शेवटी एका रविवारी दुपारी त्या सुभद्राच्या घरी गेल्या. जान्हवी खाटेवर होती. सुभद्रानं पाट दिला. धाकटी अपेक्षा, यंदा दहावीला असलेली, कोपऱ्यात अभ्यास करत होती.

“वयनी, चूक माझी आहे,” मॅडम म्हणाल्या. “पोरीनं सांगितलं होतं मला. मी ऐकलं नाही. माझ्या हातून पुन्हा असं कुणाचं होणार नाही.”

जान्हवीनं विचारलं, “मॅडम, ढाल खंय ठेवल्यानी?”

“प्राचार्यांच्या खोलीत.”

“बरी दिसता?”

मॅडमनी मान खाली घातली. सुभद्रानं धाकटीला हाक मारली, “अपेक्षा, मॅडमांका पाणी दी गो.”

अपेक्षा उठली. उजवा पाय ओढत, भिंतीला हात लावत ती आत गेली आणि तांब्या घेऊन तशीच परत आली. अर्धं पाणी वाटेतच सांडलं.

“हिला काय झालं?” मॅडमनी विचारलं.

“जल्मापासून तिचो एक पाय बारीक आसा,” सुभद्रा घाईघाईनं म्हणाली. “तिका धावूक जमणा नाय.”

जान्हवीनं तोंड भिंतीकडे केलं. एका घरात दोन पोरी अशा, या विचारानं मॅडमना गलबलून आलं. त्यांनी अपेक्षाच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या बाहेर पडल्या. माडांच्या बनातून एसटीच्या थांब्याकडे जाताना त्यांना रडू आवरेना. त्या एका माडाला टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या.

किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढून काठाशी आलं होतं. हाकाटी झाली तशी वाडीतली पोरं पाट्या घेऊन जाळ्याकडे सुटली. त्यांच्यातली एक मुलगी बघता बघता सगळ्यांच्या पुढे गेली. खांदे सैल, मान स्थिर, टाच वाळूला लागते न लागते. असं धावणं शिकवून येत नाही. मॅडमचं रडू थांबलं. आपण कुठून आलो, कशासाठी आलो, सगळं विसरून त्या माडांतून उघड्यावर आल्या, आणि त्यांचा हात गळ्यातली शिट्टी चाचपू लागला.

तेवढ्यात मुलीनं वळून पाहिलं. ती अपेक्षा होती. मॅडम दिसताच ती जागच्या जागी थांबली, आणि पाय ओढत चालू लागली.